प्लेटलेट कमी म्हणजे डेंगूच असं नाही: एपीएल या रक्तकर्करोगाची फसवी रूपं

काचपट्टी:

अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा दुर्मिळ कर्करोग. डॉक्टर मंडळी त्याला नुसतं एपीएल म्हणतात. मोठ्या माणसांना होणाऱ्या अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात साधारण दहात एक पेशंट या प्रकारचा निघतो. नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी १९५७ साली तीन पेशंटांवरून त्याचं वेगळं वर्णन केलं. हा आजार काही आठवड्यांतच माणसाला नेतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. आज अक्यूट ल्युकेमियांमध्ये सर्वात जास्त बरा होणारा हाच. तरीही यात माणसं जातात, आणि जातात ती बहुतेक पहिल्या काही दिवसांत. निदान व्हायच्या आत किंवा झाल्या झाल्या मेंदूत नाहीतर फुप्फुसात रक्तस्राव होतो आणि सगळं संपतं. औषध हाताशी असलेल्या आजारात केवळ ओळखायला उशीर झाला म्हणून तरुण माणूस जावा, हे मला सहन होत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

मी जिल्ह्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवते. ल्युकेमिया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लाखभर पांढऱ्या पेशी, मानेतल्या गाठी, महिनोन् महिने खंगत गेलेला माणूस येतो. एपीएलमध्ये बहुतेकदा यातलं काहीच नसतं. पांढऱ्या पेशी उलट कमीच भरतात, कधी दीड-दोन हजार. गाठी नाहीत, पानथरी वाढलेली नाही. माणूस परवापर्यंत कामावर जात होता. दिसतं ते एवढंच: दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, नडगीवर बारीक लाल ठिपके उठतात, कुठे आपटल्याचं आठवत नाही आणि दंडावर काळानिळा डाग असतो, पाळी थांबता थांबत नाही. सोबत थोडा ताप. आता हे वर्णन ऑगस्ट-सप्टेंबरात कुठल्याही दवाखान्यात सांगा. समोरचा काय म्हणेल?

रक्तस्राव एवढा का होतो हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. १५ आणि १७ या दोन क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातून पीएमएल-रारा नावाचं जोडजनुक तयार होतं, आणि बोन मॅरोमधल्या पेशी प्रोमायलोसाइट या अर्धवट वयातच अडकून पडतात. या अडकलेल्या पेशी दुहेरी घात करतात. त्यांच्यातला टिश्यू फॅक्टर शरीरभर गुठळ्या करायला लावतो, त्यात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन खर्ची पडतं. त्याच पेशींवरचं अ‍ॅनेक्सिन-२ झालेल्या गुठळ्या विरघळवायचं काम जोरात चालू करतं. म्हणजे प्लेटलेट तीस हजार असले तरी होणारा रक्तस्राव तीस हजारांच्या हिशोबात बसत नाही. त्या आकड्याला जेवढं रक्त जायला हवं त्याहून कितीतरी जास्त जातं. ही विसंगती हीच या आजाराची खूण आहे, आणि ती ओळखायला महागडं यंत्र लागत नाही.

एक केस सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). विशीतली मुलगी, चिठ्ठीवर 'ताप, डेंगू?' एवढंच. मशीनने आकडे दिले: हिमोग्लोबिन साडेसात, पांढऱ्या पेशी एकोणीसशे, प्लेटलेट बावीस हजार. टेक्निशियनने सांगितलं, 'मॅडम, रक्त घेतलं तिथनं अजून पाझरतंय, तिसरा कापूस झाला.' लीशमन रंग देऊन काच (रक्ताचा थेंब पसरलेली पट्टी, म्हणजेच स्मिअर) बघितली. मधल्या भागात जवळजवळ काही नव्हतं, पेशी इतक्या कमी. स्मिअरच्या शेवटच्या विरळ कडेला सरकत गेले तेव्हा दोन-तीन मोठ्या पेशी सापडल्या, आत गर्द जांभळ्या कणांची दाटी, आणि एकीत लाल-जांभळ्या बारीक काड्या मोळीसारख्या एकावर एक पडलेल्या. त्या ऑअर रॉड्स, ल्युकेमियाच्या पेशीत दिसणाऱ्या. त्या एका पेशीनंतर मी फोन उचलला. पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलेला, फायब्रिनोजेन ८५ (नेहमी २०० ते ४०० असतं). मुलगी त्याच संध्याकाळी मोठ्या केंद्रात पोचली. आज तिचं कॉलेज चालू आहे.

इथल्या कोणी हा आजार वेगळ्याच रूपात बघितला असेल तर जरूर लिहा. पुस्तकातलं रूप सगळ्यांना माहीत असतं, फसवतात ती बाकीची.

रानजाई:

बापरे. वाचनखूण साठवली. डॉक्टर, फेब्रुवारी-मार्चमध्ये डेंगूची साथ नसते तेव्हा तरी हे लवकर लक्षात येत असेल ना?

काचपट्टी:

रानजाई, उन्हाळ्यात येतं ते 'उष्णता झालीय' म्हणून. नाकातून रक्त आलं की डोक्यावर पाणी मारतात, कांदा हुंगायला देतात, सब्जाचं पाणी पाजतात. एखाद्या वेळच्या घोळणा फुटण्याला ते ठीक. पण सोबत अंगावर ठिपके असतील तर त्याच दिवशी रक्त तपासायला हवं.

दातांचा_डॉक्टर:

आमच्याकडे हा आजार दाढ काढल्यावर उघडकीला येतो. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, वय चाळिशीच्या आत, किडलेली दाढ, बाकी ठणठणीत. दुसऱ्या ठिकाणी दाढ काढून आले होते आणि रात्रभर उशी भिजली होती. टाके घातले, दाबून धरलं, जेल भरलं, तरी टाक्यांच्या मधून रक्त झिरपतच राहिलं. महत्त्वाचं हे की गुठळी धरायची आणि थोड्या वेळाने विरघळून पुन्हा वाहायला लागायची. नुसते प्लेटलेट कमी असलेल्या पेशंटात मी असं कधी बघितलं नव्हतं. काचपट्टींनी वर लिहिलंय ते वाचून त्यामागचं कारण आता नीट कळलं.

दुसरी गोष्ट. ल्युकेमियात हिरड्या सुजून दातांवर चढतात असं आम्ही शिकतो. ते बहुतांशी मोनोसायटिक प्रकारात. एपीएलमध्ये हिरडी दिसायला बऱ्यापैकी साधी असू शकते, फक्त रक्त येतं. म्हणून 'हिरड्या सुजलेल्या नाहीत, म्हणजे रक्ताचा आजार नाही' हे गृहीत धरू नये. डेंटिस्ट मित्रांना विनंती: दाढ काढण्याआधी 'अलीकडे अंगावर डाग उठलेत का, पाळी जास्त जाते का' एवढे दोन प्रश्न विचारा.

सह्यकडा:

माझ्या धाकट्या भावाचं उलटं झालं. रक्त गेलं नाही, गोठलं. वय ३४, सकाळी चहाचा कप हातातून सुटला, उजवा हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं. ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे एमआरआयमध्ये मेंदूत गुठळी निघाली, आणि तरुण वयातला स्ट्रोक म्हणून रक्त पातळ करण्याची औषधं लिहिली गेली. रक्ताचा रिपोर्ट तोवर फाइलला लागला होता, प्लेटलेट ३८ हजार, पण कोणी उघडून बघितला नव्हता. ड्यूटीवरच्या एका ज्युनिअर मुलीने तो बघितला आणि इंजेक्शन थांबवलं. 'गुठळी आणि प्लेटलेट कमी, दोन्ही एकाच वेळी कसं?' एवढाच प्रश्न तिने वरिष्ठांना विचारला. त्या प्रश्नावरून एपीएल निघालं. भाऊ आज कामावर जातो, उजव्या हाताची बोटं थोडी जड आहेत. आम्ही घरचे त्या मुलीला विसरू शकत नाही.

पण मला अजून नीट उलगडलेलं नाही. हा रक्तस्रावाचा आजार ना? मग गुठळी का?

काचपट्टी:

सह्यकडा, तुमच्या भावाबद्दल वाचून फार बरं वाटलं. वर दुहेरी घात म्हटला तो हाच. गोठवणं आणि विरघळवणं एकाच वेळी चालू असतं. बहुतेकांत विरघळवणं वरचढ ठरतं आणि रक्त वाहतं. काहींत गोठवणं वरचढ ठरतं. मग स्ट्रोक, हार्ट अटॅक, पायातली गुठळी, यकृताच्या शिरेतली गुठळी, मेंदूच्या शिरेतली गुठळी, यांपैकी कशानेही आजार सुरू होऊ शकतो. त्या ज्युनिअर डॉक्टरचा प्रश्न मला कोरून ठेवावासा वाटतो. तरुण माणूस, गुठळी, आणि सोबत कमी प्लेटलेट: हे त्रिकूट दिसलं की स्मिअर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नेत्रांजन:

मी नेत्रतज्ज्ञ. थोडक्यात लिहिते. अचानक एका डोळ्यापुढे काळा डाग आला म्हणून आलेल्या तरुणाच्या पडद्यावर जागोजागी रक्त सांडलेलं दिसलं. साखर नाही, बीपी नाही. अशा वेळी आम्ही सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला पाठवतो. त्यातून एपीएलही निघू शकतं. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून समाधान मानू नका, पडदा तपासून घ्या.

तालुका_प्रॅक्टिस:

काचपट्टी मॅडम, आदर ठेवून लिहितो. मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तापवाल्यांचे प्लेटलेट लाखाखाली असतात. उद्या हा धागा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की प्रत्येक आई मला विचारणार, 'डॉक्टर, ब्लड कॅन्सर तर नाही ना?' फायब्रिनोजेनची तपासणी आमच्या गावात होत नाही. मी कोणाला पाठवू आणि कोणाला नको? तुम्ही दुर्मिळ आजाराबद्दल लिहिताय, आणि डेंगूने मरणारी माणसं आमच्याकडे खरोखरच आहेत.

काचपट्टी:

डॉक्टर, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि असा कोणीतरी विचारायलाच हवा होता. सगळ्यांना पाठवू नका. डेंगूचा माणूस आणि हा माणूस यांच्या रिपोर्टात फरक असतो. डेंगूत प्लाझ्मा झिरपतो म्हणून रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतो, हिमोग्लोबिन पडत नाही, उलट वर जातं. एपीएलच्या पेशंटचं हिमोग्लोबिन बहुधा आधीच उतरलेलं असतं. डेंगूत अंगदुखी, डोळ्यांमागे दुखणं, पहिल्या दिवसापासून चढता ताप. इथे ताप असलाच तर दुय्यम, तक्रार रक्ताची. डेंगूत ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत प्लेटलेट आपोआप वर यायला लागतात. इथे ते तिथेच बसतात किंवा आणखी पडतात.

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे: तिन्ही ओळी एकदम कमी असतील (हिमोग्लोबिन, पांढऱ्या, प्लेटलेट), किंवा प्लेटलेटच्या मानाने रक्त जास्त जात असेल, तर लॅबला फोन करून सांगा की काच डॉक्टरांनी स्वतः बघावी, आजच. मशीनचा कागद पुरेसा नाही. पेशी कमी असल्या की मशीनला खराब पेशी सापडत नाहीत आणि ते 'नॉर्मल डिफरन्शियल' (पांढऱ्या पेशींची वर्गवारी ठीक) छापून मोकळं होतं. काच बघायला वेगळा खर्च फारसा येत नाही. पीटी बहुतेक तालुक्यांत होतो.

तालुका_प्रॅक्टिस:

हे पटलं. एक सुचतं. घोणस चावलेल्या पेशंटात आम्ही साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो आणि तिरकं करून बघतो, गोठलं की नाही. नळी, घड्याळ, बाकी काही नको. इथे चालेल का?

काचपट्टी:

फार चांगली सूचना. वीस मिनिटांनी रक्त पाण्यासारखं वाहिलं आणि साप चावलेला नाही, तर आणखी पुराव्याची वाट न बघता पेशंट हलवा. मात्र गोठलं म्हणजे एपीएल नाही असं म्हणता येणार नाही. फायब्रिनोजेन बरंच उतरलेलं असलं तरी नळीत गुठळी धरू शकते. आणि हो, अशा पेशंटला कंबरेत इंजेक्शन देऊ नका, डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन तर नकोच. तापाला पॅरासिटामॉल.

सिस्टर_कोकण:

प्रसूती विभागात काम करते. आठव्या महिन्यातल्या बाईचे प्लेटलेट पडले, रक्त गोठेना, तर आमच्याकडे पहिला विचार हेल्प सिंड्रोमचाच (गरोदरपणात लिव्हर आणि रक्त बिघडवणारा आजार) होतो, कारण गरोदरपणात तेच जास्त दिसतं. पण बीपी वाढलेलं नाही, लिव्हरचे आकडे फार बिघडलेले नाहीत, आणि तरीही रक्त गोठत नाही, असं एकदा झालं होतं. हिमॅटॉलॉजीच्या (रक्तविकारांच्या) डॉक्टरांनी स्मिअर बघितला आणि एपीएल निघालं. बाळ-बाळंतीण दोन्ही सुखरूप. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेलं आठवतं की अ‍ॅट्राची गोळी पहिल्या तीन महिन्यांत बाळाला धोक्याची, नंतर देता येते. आर्सेनिक मात्र गरोदरपणात देत नाहीत.

वाटसरू_नगर:

हे अ‍ॅट्रा आणि आर्सेनिक काय आहे? आर्सेनिक म्हणजे विषच ना? आमच्या आजोबांच्या औषधाच्या पेटीत सोमल असायचा, शुद्ध करून दम्याला द्यायचे म्हणतात. मग वैद्याकडून सोमल घेऊन चालणार नाही का?

काचपट्टी:

वाटसरू दादा, याचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण यात घोटाळा झाला तर जीव जाईल.

अ‍ॅट्रा म्हणजे ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अ‍ॅसिड, अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं. एरवीची केमोथेरपी पेशी मारते. हे औषध अडकलेल्या प्रोमायलोसाइटला मोठं व्हायला लावतं, ती वयात येते आणि नैसर्गिकपणे मरते. शांघायच्या वांग झेन्यी यांनी १९८५ साली ते पाच वर्षांच्या एका मुलीला दिलं आणि ती बरी झाली. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ पेशंटांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि जगभरच्या डॉक्टरांना खात्री पटायला वेळ लागला, एवढा तो निकाल चांगला होता. अ‍ॅट्रा सुरू झालं की गोठण्याची गडबडही काही दिवसांत आवरायला लागते, म्हणून नुसत्या संशयावर, जनुकाच्या रिपोर्टची वाट न बघता, ते सुरू करायचं असतं. अ जीवनसत्त्वाच्या साध्या गोळ्यांनी हे काम होत नाही.

आर्सेनिकची हकिकत चीनच्याच हार्बिन शहरातली. १९७० च्या दशकात झांग टिंगडोंग आणि त्यांचे सहकारी एका गावठी औषधाच्या मागावर गेले. त्यात सोमल होता, पाऱ्याचा क्षार होता आणि बेडकाचं विषही होतं. एकेक घटक वेगळा करत गेल्यावर काम सोमलाचं आहे हे कळलं, आणि ते शिरेतून द्यायचं इंजेक्शन झालं. पुढे इटलीच्या लो-कोको यांच्या गटाने २०१३ साली दाखवलं की ज्यांच्या पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या आत आहेत त्यांना अ‍ॅट्रा आणि आर्सेनिक ही जोडी पुरते, नेहमीची केमोथेरपी लागत नाही. दोन वर्षांनी या जोडीवरचे ९७ टक्के पेशंट आजाराशिवाय होते, केमोथेरपीवाले ८६ टक्के. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने त्याच्याही आधी, २००६ मध्ये, ७२ पेशंटांवर एकट्या आर्सेनिकचा अनुभव प्रसिद्ध केला होता. ज्यांना अ‍ॅट्राचा खर्च परवडत नव्हता त्यांच्यासाठी ते काम फार मोलाचं होतं.

आता सोमलाबद्दल. इंजेक्शनमध्ये दर किलो वजनाला ०.१५ मिलिग्रॅम असा डोस असतो, तोही रक्तातलं पोटॅशियम-मॅग्नेशियम आणि ईसीजी वरचेवर बघून, कारण हृदयाचे ठोके बिघडू शकतात. भुकटीत किती सोमल आहे, पोटातून किती शोषला जाईल, काहीच हातात नसतं. चीनमध्ये मनशीळ (आर्सेनिकचं खनिज) असलेली तोंडाने घ्यायची गोळी या आजारात वापरतात, पण ती प्रमाणित केलेली आणि हॉस्पिटलच्या देखरेखीखाली. बाहेरचा सोमल घेऊ नका. दुसरी गोष्ट, हे औषध एपीएलमधल्या त्या विशिष्ट जनुकामुळे चालतं. बाकीच्या ल्युकेमियांना ते लागू पडेल असं समजू नका.

वाटसरू_नगर:

समजलं. मनापासून आभार.

अनघा_पिंपरी:

मी स्वतः एपीएलमधून बाहेर पडलेली आहे. इतका वेळ नुसतं वाचत होते, पण उपचाराचं थोडं लिहावंसं वाटतं, कारण मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं की या उपचारात धोक्याचं वळण कुठे असतं.

गोळ्या सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी आधी वाढतात. रिपोर्ट बघून घरच्यांचा धीर सुटला, 'औषध लागू पडत नाही' असं वाटलं. डॉक्टरांनी समजावलं की अडकलेल्या पेशी मोठ्या होऊन बाहेर येतायत. पण त्याच काळात शरीरात पाणी साठतं. वॉर्डातल्या सिस्टर रोज सकाळी वजन करायच्या, मला ते निव्वळ रीत वाटायची. एका सकाळी वजन एकदम वाढलं, पायावर बोट दाबलं तर खळगा राहिला, आणि जिना चढल्यासारखा दम लागला, मी कॉटवरच होते तरी. डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात याला. सिस्टरनी वजनाचा आकडा बघूनच फोन केला, एक्स-रे नंतर झाला, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आधी सुरू झालं. दोन-तीन दिवसांत श्वास मोकळा झाला. घरच्यांनी वजनाकडे लक्ष ठेवावं असं मी आग्रहाने सांगेन.

बाकीचे त्रास सोसण्यासारखे होते. ओठ फुटायचे, तूप लावून बसायचे. कातडी कोरडी. डोकं फार दुखलं तर लगेच सांगा, अ‍ॅट्राने मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो, लहान मुलांत जास्त. पुढे आर्सेनिक डे-केअरमध्ये घेतलं, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे चालू आणि चार आठवडे बंद. सलाईनमधून दोन तास जायचं. केस गेले नाहीत. मी घरातून डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी परत यायचे.

रानजाई:

अनघाताई, किती नीट लिहिलंत. आजार उलटतो का पुन्हा?

काचपट्टी:

अनघाताईंनी वजनाचं लिहिलं ते सोन्यासारखं आहे.

उलटणं या जोडीच्या उपचारानंतर पुष्कळ कमी झालंय, तरी पीसीआर या जनुकाच्या तपासणीने पीएमएल-रारा बघत राहतात. उलटला तर तोही विचित्र जागी येऊ शकतो. मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात, कातडीवर गाठ, आणि कानात. कानाच्या नळीत मांस वाढल्यासारखं दिसतं, ऐकू कमी येतं, आणि कान फुटला समजून थेंब घातले जातात. एपीएल होऊन गेलेल्याने कानाची तक्रार घेऊन जाताना जुन्या आजाराची फाइल सोबत न्यावी.

आणखी एक वाट. आधी स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी झालेली असेल, तर काही वर्षांनी एपीएल होऊ शकतं. अशा बाईच्या अंगावर नवे डाग दिसले तर 'जुन्या केमोचा अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नका.

रक्तदाता_सांगली:

एक कामाची माहिती. या पेशंटला नुसते प्लेटलेट पुरत नाहीत. डॉक्टर 'क्रायो' लिहून देतात, तेव्हा नातेवाईक गोंधळतात, रक्तपेढीत जाऊन 'प्लेटलेट द्या' म्हणतात. क्रायो म्हणजे क्रायोप्रेसिपिटेट. गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळवला की खाली जो साका राहतो त्यात फायब्रिनोजेन भरपूर असतं. एका पिशवीने भागत नाही, एका वेळी अनेक लागतात, आणि सगळ्या रक्तपेढ्यांत ते नसतं. म्हणून चिठ्ठी हातात पडली की आधी फोन करून 'क्रायो आहे का, कोणत्या गटाचं' विचारा, मग रिक्षात बसा. प्लेटलेटसाठी दाते उभे करताना एकदम सगळ्यांना आणू नका. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, पेशंटला रोज लागणार असतात. आज दोन, उद्या दोन असं लावा. दात्याने आधीच्या काही दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी.

काचपट्टी:

सांगलीकर, हे मी लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. सुरुवातीला प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर आणि फायब्रिनोजेन १०० ते १५० च्या वर ठेवायचा प्रयत्न असतो, आणि दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा तपासावं लागतं.

तालुका_प्रॅक्टिस:

मॅडम, शेवटची अडचण. आमच्याकडून मोठं केंद्र चार तासांवर. अ‍ॅट्रा तालुक्यात मिळत नाही. तोवर काय?

काचपट्टी:

डॉक्टर, हा प्रश्न जगभर पडलाय. स्वीडनसारख्या देशात १०५ पेशंटांची नोंद तपासली तेव्हा २९ टक्के माणसं पहिल्या तीस दिवसांत गेलेली निघाली. तिथे दवाखाने, औषधं, रस्ते सगळं आहे. म्हणजे खरी कसोटी असते ती पहिल्या काही तासांतच. ब्राझील, मेक्सिको, चिली, उरुग्वे या देशांनी मिळून जाळं उभं केलं: संशय आला की लगेच फोन, लगेच अ‍ॅट्रा, ठरलेली मदत. ब्राझीलमध्ये आधी सुरुवातीचे मृत्यू ३२ टक्के होते, जाळ्यातल्या पेशंटांत ते १५ टक्क्यांवर आले. नवं औषध काही शोधलं नव्हतं. अमेरिकेतही लहान हॉस्पिटलांना चोवीस तास तज्ज्ञांचा फोन उपलब्ध करून दिला तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू तीन-चार टक्क्यांपर्यंत खाली आले.

आपण करण्यासारखं: जिल्ह्याच्या ठिकाणी कुठल्या हिमॅटॉलॉजिस्टकडे किंवा औषधाच्या दुकानात अ‍ॅट्राच्या दहा मिलिग्रॅमच्या कॅप्सूल असतात हे आजच विचारून ठेवा. पेशंट निघाला की त्यांना स्मिअरचा फोटो पाठवा. मोबाइलचा कॅमेरा मायक्रोस्कोपच्या भिंगाला लावून काढलेला फोटोही पुरतो. पहिला डोस, प्लेटलेट आणि क्रायो पेशंट पोचायच्या आधी तयार असावेत. निघण्याआधी मानेतली मोठी लाइन घालू नका, कंबरेतून पाणी काढू नका. आणि खर्चाच्या भीतीने कोणी घरी परतू नये, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला त्याच दिवशी भेटायला सांगा.

आमच्या जिल्ह्यातल्या लॅबवाल्यांनी मिळून असा गट करायचं ठरवलंय. तुम्ही यात याल का? मी व्यनि करते.

तालुका_प्रॅक्टिस:

येतो. आणखी दोघांना घेऊन येतो.

मीनल_क:

हा धागा सकाळी वाचला आणि दुपारी पुतणीचा रिपोर्ट आला, प्लेटलेट ६२ हजार, पांढऱ्या पेशी २८००. हातपाय गार पडले. लॅबला फोन करून काच बघायला सांगितलं. त्यांनी जराही कुरकुर न करता तासाभरात बघितली. खराब पेशी नाहीत, हिमोग्लोबिन साडेतेरा, पीटी नॉर्मल, एनएस-१ (डेंगूची चाचणी) पॉझिटिव्ह. डेंगूच आहे म्हणाले. आता काय जपायचं?

काचपट्टी:

मीनलताई, बरं झालं. आता डेंगूकडे पूर्ण लक्ष द्या. ताप उतरला की लोक निश्चिंत होतात, पण जपायचे ते नंतरचे दोन दिवस. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, मुलगी सुस्तावली, तर रात्री-अपरात्री असो, लगेच दवाखान्यात न्या. पाणी, पेज, ताक, ओआरएस थोडं थोडं देत राहा. उद्या सकाळी सीबीसी परत करा, आणि प्लेटलेटबरोबर हिमॅटोक्रिटचा आकडाही इथे लिहा.